त्रैराशिक : फळ्यावरचे आणि वॉर्डातले

'हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले ती ज्यात आहे ते आकारमान.' परिचर्येच्या विद्यार्थ्यांकडून हे सूत्र पाठ करून घेतले जाते. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सांगितलेले त्रैराशिक ते हेच : फल आणि इच्छा यांचा गुणाकार, भागिले प्रमाण. पण प्रत्यक्ष वॉर्डात ते कितपत वापरले जाते? सीलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पोझी यांनी ब्रिटनमध्ये हेच पाहिले. त्यांचा निबंध २००१ साली 'जर्नल फॉर रिसर्च इन मॅथेमॅटिक्स एज्युकेशन'मध्ये आला. गणित शिकवणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

विचारले की अनुभवी परिचारिका सूत्र सांगत. काम करताना मात्र निराळ्या रीती वापरीत. समजा, २ मि.ली.मध्ये ४ मि.ग्रॅ. औषध आहे आणि ३ मि.ग्रॅ. द्यायचे आहे. 'या औषधाचे निम्मे करायचे' एवढे ध्यानात असले की १.५ मि.ली. हे उत्तर लगेच मिळते. औषधाची संहती कायम राहते या जाणिवेवर उभे असलेले हे शुद्ध प्रमाणगणितच आहे, असे लेखक दाखवून देतात. ते आम्हाला पूर्ण पटते.

आमची शंका पुढची आहे. या रीती विशिष्ट औषधाशी आणि त्याच्या वेष्टनाशी बांधलेल्या असतात, हे लेखकच नोंदवतात. मग वेष्टन बदलले तर? आपल्याकडे इन्सुलिन एका मि.ली.त ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही संहतींत मिळते. २० युनिटसाठी पहिल्यातून ०.५ मि.ली. लागते, दुसऱ्यातून ०.२ मि.ली. सवयीने दुसऱ्यातूनही ०.५ मि.ली. दिले, तर रुग्णाला ५० युनिट, म्हणजे अडीचपट मात्रा जाईल. रक्तातील साखर एकदम उतरून ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी लेबल वाचून नव्याने मांडलेले त्रैराशिकच उपयोगी पडते.

शिवाय हा अभ्यास अनुभवी परिचारिकांचा आहे. नवशिकी मुलगी त्या समजेपर्यंत कशी पोहोचते, हे त्यातून कळत नाही. आणि शाळेला नेमके तेच हवे आहे.

तेव्हा त्रैराशिक फळ्यावरून पुसू नये, पण एकटेही ठेवू नये. एकच उदाहरण आधी अंदाजाने, मग सूत्राने सोडवून घ्यावे. नंतर संहती बदलून पुन्हा विचारावे. दोन उत्तरे जुळत नसतील तर औषध भरायचे नाही, ही शिस्त वर्गातच लागली पाहिजे.