किफायती गाडी कोणाची? फियाटपासून काळीपिवळीपर्यंत

मंडळी, गाडीचं मोल तिच्या हेतूवरून ठरवावं की वापरावरून? महायुद्धानंतर युरोपात पैसाही कमी, पेट्रोलही कमी. १९४८ साली फ्रान्समध्ये सित्रोएनची २ सीव्ही लोकांपुढे आली. शेतकऱ्यानं बटाट्याचं पोतं टाकून बाजार गाठावा, हा तिचा हेतू. १९५७ मध्ये इटलीत ४७९ सीसीची नवी फियाट ५०० आली, तीही साध्या कुटुंबासाठीच.

आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात फियाट ११०० बांधली. पुढं तिचीच पद्मिनी झाली. पण परवान्यांच्या त्या काळात गाड्या मोजक्याच निघत. नंबर लावा अन् वर्षानुवर्षं वाट बघा! तिथली मध्यमवर्गाची गाडी इथं प्रतिष्ठेची झाली. आकार आला, हेतू वाटेतच राहिला, असं आम्हाला वाटतं.

तो हेतू परत आणला मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. ज्याला गाडी घेणं कधीच जमणार नव्हतं, तोही मीटर टाकून तिच्यात बसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा म्हणूनच लोक हळहळले.

आमच्या मुखेडकडं काळीपिवळी म्हणजे जीप. सीटा भरल्याशिवाय हलत नाही. तिला कोणी किफायती म्हणून घडवलं नव्हतं. भाडं वाटून घेणाऱ्यांनी तिला तसं केलं. तेव्हा गाडी केवढ्याला मिळते एवढंच विचारू नये. तिच्यात कोणाला बसता येतं, हेही विचारावं.