भाषा-चाचणी कागदावरून संगणकावर : एक चिकित्सा

भाषेची परीक्षा कागदावरून संगणकावर नेली की केवळ साधन बदलते, मोजमाप तेच राहते, असे मानण्याकडे परीक्षा-व्यवस्थेचा कल असतो. हे गृहीतक तपासण्यास ‘टोफेल’ या इंग्रजी चाचणीचा प्रवास उपयुक्त ठरतो. १९६४ पासून कागदावर होणारी ही चाचणी १९९८ मध्ये संगणकावर आली. संगणकाचा सराव नसलेल्यांचे गुण त्यामुळे घटतील काय, याचा अभ्यास तत्पूर्वी करण्यात आला होता. सरावपाठ दिल्यावर आणि भाषिक क्षमतेतील भेद लक्षात घेतल्यावर लक्षणीय फरक उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तो दिलासादायक खरा. तथापि गुण जुळले म्हणजे कसोटीही जुळली, असे होत नाही. वाक्यरचनेच्या विभागात पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावरून ठरत असल्याने मागे वळून उत्तर सुधारण्याची मुभा राहिली नाही. निबंध मात्र हाताने लिहावा की टंकित करावा, हा पर्याय तेव्हा परीक्षार्थीकडे होता. २००५ पासूनच्या इंटरनेट-आधारित चाचणीत तोही गेला.

रोमन लिपीत बहुधा एका अक्षरास एक कळ पुरते. देवनागरीत तसे नाही. त्यामुळे मराठीच्या चाचणीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद जाणणारा विद्यार्थी कागदावर तो सहज दाखवितो. कळफलकावर ‘ऱ्य’ कसा उमटवावा हे ठाऊक नसेल, तर स्वयंपाक्याचा गुरू होतो आणि गुण भाषेचे जातात! उलट, रोमन कळांनी टंकलेखन करणाऱ्यापुढे संगणक तयार शब्दच मांडतो. हाताने ‘परिक्षा’ लिहिणाऱ्यास तेथे ‘परीक्षा’ आयती मिळते. पहिल्यावर अन्याय होतो, दुसऱ्यावर अनुग्रह. शुद्धलेखनाची पारख दोन्हीकडे होत नाही.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन घेतल्या. भाषा-साहित्याची प्रश्नपत्रिका जेथे केवळ बहुपर्यायी होती, तेथे विद्यार्थ्याने रचलेले एक वाक्यही परीक्षकापर्यंत पोहोचले नाही. आणीबाणीची ती तडजोड क्षम्य होती. तिचे गुण लेखी उत्तरपत्रिकेच्या गुणांशी समतुल्य मानणे मात्र शास्त्रीय नव्हे.

महाविद्यालयीन स्तरावर ही समतुल्यता पडताळणे अवघड नाही. एकाच वर्गाच्या एका गटाची चाचणी प्रथम कागदावर व नंतर संगणकावर, दुसऱ्याची उलट क्रमाने घ्यावी. शब्दसुचविणी बंद ठेवावी. टंकलेखनाचा वेग स्वतंत्रपणे नोंदवावा. ही पडताळणी होईपर्यंत दोन्ही माध्यमांतील गुण एकाच गुणवत्तायादीत घालू नयेत.