पर्सी ब्राउन वाचा, पण ‘प्रांतिक’ शब्दापाशी थांबा

पेट-नेटची तयारी करताना इस्लामी वास्तुकलेसाठी आपण पर्सी ब्राउनचं १९४२ चं पुस्तक उघडतो. उघडायलाच हवं. ब्राउन मुळात चित्रकार, कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलचा प्राचार्य. इमारत कापून आतली रचना दाखवणारी त्याची रेखाटनं आजही उपयोगी पडतात. अडचण त्याच्या मांडणीत आहे. आधी दिल्लीची शाही शैली, मग प्रांतिक शैल्या, शेवटी मुघल. दख्खन कुठे? ‘प्रांतिक’मध्ये.

पण प्रांत कुणाचा? बहमनी सत्ता १३४७ सालीच दिल्लीपासून वेगळी झाली. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या जामा मशिदीच्या शिलालेखात साल आहे १३६७, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. मशीद सुमारे २१६ फूट बाय १७६ फूट, आणि मधे उघडं अंगणच नाही. सगळी जागा छताखाली: मिहराबापुढे मोठा घुमट, बाकी लहान घुमटांच्या रांगा. पश्चिमेची किब्ल्याची भिंत तेवढी बंद. उजेड येतो उरलेल्या तिन्ही बाजूंच्या रुंद कमानींतून. हिला ‘प्रांतिक’ म्हटलं की आपण हिच्यात दिल्लीचं काय उरलंय तेवढंच शोधत बसतो. नोट्समधलं ‘कॉर्डोबासारखी’ हे पाठ वाक्यही तसलंच. कॉर्डोबाच्या मशिदीला संत्र्याच्या झाडांचं चांगलं मोठं अंगण आहे की!

मी मुळशीत राहतो म्हणून असेल, पण इमारत पाहताना मला आधी पाऊस आठवतो. फोंड्याची साफा मशीद घ्या. आदिलशाही काळातली, १५६० च्या सुमाराची. जांभा दगड, आज वर उतरतं कौलारू छप्पर, शेजारी मोठा तलाव. घुमट-मिनारांची यादी घेऊन गेलात तर हातात काहीच लागणार नाही. मशिदीला खरोखर लागतं काय? किब्ल्याची दिशा, सफा लावायला जागा, वजूला पाणी. बाकीचं दगड, हवामान आणि बांधणाऱ्याची ऐपत ठरवते. म्हणून शैलीचं नाव देण्याआधी नकाशा काढा, स्वतःच्या हाताने, वाकडातिकडा का होईना.

सिनॉप्सिससाठी प्रश्न हवा असेल तर एक घ्या: विजापूरच्या जामा मशिदीत अंगण पुन्हा आलेलं दिसतं. मग गुलबर्ग्याचा बंद नमुना पुढे फारसा का चालला नाही? ‘प्रांतिक शैली’ या दोन शब्दांत याचं उत्तर नाही, आणि व्हायव्हात नेमकं हेच विचारतील.