पास मॅनेजरचा, गोल डॅलग्लिशचा

केनी डॅलग्लिशचा 3 मे 1986 चा गोल मी पुन्हा पुन्हा बघतो, तो त्याच्या फटक्यासाठी नव्हे, त्याआधीच्या पाससाठी. सामना स्टॅमफर्ड ब्रिजवर, चेल्सीशी. जिंकलं की लीगचं विजेतेपद लिव्हरपूलचं. लेफ्ट बॅक जिम बेगलिन चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून अलगद उचलून देतो. डॅलग्लिश तो छातीवर झेलतो. घाई कुठंच नाही. छातीवरून चेंडू पायाशी उतरतो न उतरतो तोच तो गोलरक्षकाला चकवून जाळ्यात. मग हात पसरून, तोंडभर हसत धावत सुटलेला पस्तिशीचा माणूस.

हा माणूस त्या संघाचा मॅनेजरही होता. हेजल स्टेडियमवरच्या भीषण दुर्घटनेनंतर, 1985 च्या उन्हाळ्यात, जो फेगनच्या जागी त्याला नेमलं गेलं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर अंघोळ आणि थट्टामस्करी, त्यांनाच आता संघाबाहेर बसवायचं! त्याने ते पहिल्या काही महिन्यांतच केलं. 1981 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा, 1984 ला निर्णायक पेनल्टी मारणारा लेफ्ट बॅक ॲलन केनेडी सप्टेंबरमध्येच संडरलंडला गेला. त्याच्या जागी उभा राहिला बेगलिन. म्हणजे मे महिन्यातल्या त्या पासचा आराखडा सप्टेंबरातच, ऑफिसातल्या खुर्चीत बसून आखला गेला होता. मला या गोलाची खरी गोडी वाटते ती इथं. चेंडू देणाऱ्याला निवडणारा आणि चेंडू घेणारा एकच.

आणि घेणाऱ्याला निवडणाराही तोच, हे आणखी अवघड. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांत मालक-नट असत. मुख्य भूमिका कुणाची, हा प्रश्न तिथं सहसा पडत नसे. डॅलग्लिशने मात्र त्या मोसमात बराच काळ पॉल वॉल्शला स्ट्रायकर इयन रशच्या जोडीला खेळवलं आणि स्वतः बाहेर राहिला. वॉल्श जायबंदी झाल्यावर तो परतला. लीगच्या 42 सामन्यांपैकी जेमतेम निम्म्या सामन्यांत तो मैदानावर दिसला. ही नम्रता होती असं मला वाटत नाही. तो हिशेबी होता. वेग ओसरलाय हे त्याला ठाऊक होतं, आणि नजर ओसरलेली नाही हेही.

आठवड्याने वेम्बलीवर एव्हर्टनला 3-1 ने हरवून लिव्हरपूलने एफए कपही घेतला. त्या दिवशीही डॅलग्लिश खेळला, पण गोल रशचे दोन आणि जॉन्स्टनचा एक. यापुढच्या मोसमांत त्याने स्वतःचं नाव यादीत कमी कमी लिहिलं. शेवटचं 1 मे 1990 ला, डर्बीविरुद्ध, बदली खेळाडू म्हणून, वयाच्या 39 व्या वर्षी. लीग तेव्हा आधीच जिंकून झाली होती, त्यामुळे ती निवड मॅनेजरची कमी आणि खेळाडूची जास्त होती.