शरदातील पुनर्वाचन : मराठी कथा आणि दिलाशाचे स्वरूप

आश्विन-कार्तिकातील शरद ऋतू मराठी साहित्यव्यवहारात कथेचा ऋतू ठरला, याचे श्रेय प्रामुख्याने दिवाळी अंकांच्या परंपरेला द्यावे लागते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे नवी कथा याच दिवसांत वाचकाला भेटू लागली. मात्र दिवाळीच्या सुटीत अनेक जाणते वाचक नव्या अंकांपेक्षा व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी अशा आवडत्या कथाकारांकडेच परततात. या परतण्यातील दिलाशाचे स्वरूप तपासणे आवश्यक आहे.

हा दिलासा कथेतील सुखाचा नव्हे. 'काजळमाया' (१९७२) मधील माणसे नियतीपुढे हतबल आहेत. त्यांच्यात विसावा शोधणे वरकरणी विसंगत वाटते. परंतु शेवट ठाऊक असल्याने 'पुढे काय' ही उत्सुकता ओसरते आणि वाचक प्रतिमांची गुंफण व निवेदनाची लय यांजपाशी सावकाश थांबू शकतो. दुःख तेच राहते. त्याच्या सहवासात राहण्याचे बळ वाढते.

'माणदेशी माणसं' (१९४९) मधील 'धर्मा रामोशी' हे याचे बोलके उदाहरण होय. धर्माला दिलेले धोतर अखेरीस त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते. प्रथम वाचनात हा शेवट धक्का देतो. पुनर्वाचनात मात्र आरंभापासूनच वस्त्राचा प्रत्येक उल्लेख जड होतो आणि कथेचा विषय धर्माचे दारिद्र्य एवढाच नसून त्याने मुलीसाठी मुकाट्याने राखलेली अब्रू हा आहे, हे उमगते. ओळखीची कथा येथे अनोळखी होते.

याउलट, पूर्वीचाच अर्थ पुन्हा मिळावा म्हणून केलेले वाचन दिलासा देत असले, तरी ते दृष्टी बोथट करते. साहित्याच्या अध्यापकाला हा धोका अधिक. ठरलेल्या कथा आणि ठरलेली टिपणे यांच्या उबेत त्याच शरदात प्रसिद्ध झालेला नवा कथाकार न वाचलेलाच राहतो. माडगूळकर आणि जी. ए. यांनाही कोणीतरी प्रथम वाचले होते, याचा विसर पडतो.

सारांश, पुनर्वाचनाचा दिलासा त्याज्य नाही. त्याची कसोटी मात्र कठोर असावी. जुनी कथा वाचून मिटल्यावर नवी कथा उघडण्याची इच्छा जागी होत असेल, तर तो दिलासा वाङ्मयीन. अन्यथा ती केवळ सवय होय.