फाटकाबाहेरची रांग : ‘द गोल’ या कादंबरीविषयी

मंडळी, विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसांनी कारखान्याच्या आणि दवाखान्याच्या भानगडीत कशाला पडावं. आम्ही पडतो आहोत ते एका कादंबरीमुळे. एलियाहू गोल्डरॅट हे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी जेफ कॉक्स या लेखकाला सोबत घेऊन १९८४ साली ‘द गोल’ लिहिली. व्यवस्थापन शिकणाऱ्या पोरांना ती हमखास वाचायला देतात. कारखान्यासाठी लिहिलेलं हे पुस्तक आता दवाखान्यांनाही लावलं जातं. समोर आज कारंज्याकडचे जिनिंगवाले बसलेत, औषधविक्रेते आहेत, नव्या वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं आहेत. तेव्हा हे पुस्तक दोन्हीकडे सारखं लागू पडतं का, एवढंच आज तपासू.

गोष्ट थोडक्यात अशी. अ‍ॅलेक्स रोगो हा एका कारखान्याचा व्यवस्थापक. माल वेळेवर जात नाही, कारखाना तोट्यात. वरचा साहेब तीन महिन्यांची मुदत देतो, नाहीतर टाळं. अ‍ॅलेक्सला त्याचे जुने गुरुजी भेटतात, योना नावाचे. ते उत्तर देत नाहीत, प्रश्न विचारतात. मध्ये बायको रुसून माहेरी जाते, पण तो भाग लेखकांनी नोकरीतलं काम उरकावं तसा उरकलाय, आपणही उरकू.

पुस्तकाचा जीव आहे तो पोरांच्या सहलीत. अ‍ॅलेक्स मुलाच्या स्काउट पथकाबरोबर डोंगरात चालायला जातो. रांग लांबत जाते, पुढची पोरं फार पुढे, मागची फार मागे. मध्ये हर्बी नावाचा एक जाडा पोरगा आहे, तो सावकाश चालतो. अ‍ॅलेक्सच्या लक्षात येतं की पुढची पोरं कितीही पळाली तरी पथक मुक्कामाला पोचणार ते हर्बी पोचेल तेव्हाच. मग तो दोन गोष्टी करतो. हर्बीला सर्वांत पुढे आणतो, म्हणजे रांग तुटत नाही. आणि त्याची पिशवी उघडतो. आत लोखंडी तवा, घडीचं फावडं, डबे, बाटल्या! ते ओझं सगळ्यांत वाटून देतो आणि पथकाचा वेग वाढतो.

एवढ्या साध्या प्रसंगातून एक अवघड गोष्ट इतकी स्वच्छ सांगणं सोपं नाही. साखळीचा वेग सर्वांत मंद कडीवर ठरतो. तिथे वाया गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा वाया गेलेला तास. आणि दुसरीकडे कुठे वाचवलेला तास हा निव्वळ भास. म्हणून अ‍ॅलेक्स त्या अडलेल्या यंत्राला जेवणाच्या सुट्टीतही थांबू देत नाही, आणि मालाची तपासणी त्या यंत्राच्या आधी आणतो, म्हणजे खराब माल त्यावर चढतच नाही.

हे दवाखान्याला लागू होतं का? होतं, बरं का. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय घ्या. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ते काढलं. तिथे शल्यविशारदाचा वेळ ही अडलेली कडी मानली आणि बाकी सगळं त्याच्याभोवती मांडलं. एका डॉक्टरला दोन टेबलं. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. बाहेरची भिंगं महाग, तर १९९२ साली स्वतःचा भिंगांचा कारखाना, ऑरोलॅब, काढला. हे सगळं ‘द गोल’च्या व्याकरणात बसतं, आणि सुरुवात तर पुस्तकाच्या आठ वर्षं आधीची आहे.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सिझेरियन. थिएटर आहे, सर्जन आहेत, सिस्टर आहेत, भूलतज्ज्ञ नाही. मग थिएटरला कितीही नव्या फरश्या बसवा, बाईला रेफरच करावं लागणार. हर्बी म्हणजे तो नसलेला भूलतज्ज्ञ. उद्घाटन मात्र फरशीचं होतं.

इथवर आम्ही या पुस्तकाच्या बाजूचे. आता भांडण.

योना पहिल्याच भेटीत विचारतात, तुझ्या कारखान्याचं ध्येय काय? अ‍ॅलेक्स पिझ्झा आणि बिअर घेऊन टेकडीवर जाऊन बसतो, खाली कारखाना दिसतोय, आणि त्याला उत्तर सापडतं : पैसा कमावणं. पुस्तकभर मग हे उत्तर पुन्हा उघडून पाहिलं जात नाही. योनांची पद्धत सॉक्रेटिसाची आहे असं लोक म्हणतात. आमचा आक्षेप इथेच आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस थ्रॅसिमॅकसला नेमका हाच प्रश्न टाकतो की वैद्य, खऱ्या अर्थाने वैद्य असतो तेव्हा, पैसे मिळवणारा असतो की रोग्यांना बरं करणारा? आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या काढायला लावतो. अ‍ॅरिस्टॉटलचं नीतिशास्त्र सुरू होतं तेही यानेच : वैद्यकाचं साध्य आरोग्य, जहाजबांधणीचं जहाज, सेनापतित्वाचं विजय, आणि घर चालवण्याच्या विद्येचं संपत्ती. चार विद्या, चार साध्यं. सॉक्रेटिसाने जिथून सुरुवात केली तिथे योना थांबतात.

ध्येय बदललं की फक्त पाटी बदलते का? म्हणजे ‘पैसा’ खोडून ‘आरोग्य’ लिहिलं, बाकी गणित तेच? पुष्कळ सल्लागार असंच समजतात. आम्हाला ते पटत नाही, आणि कारण नीतीचं नाही, हिशेबाचं आहे.

कादंबरीत अडलेलं यंत्र कसं सापडतं? त्याच्यापुढे अर्धवट मालाचा ढीग लागलेला असतो म्हणून. ढीग का दिसतो? कारण त्यात कंपनीचा पैसा अडकलाय. गोल्डरॅट साठ्याची व्याख्याच तशी करतात : विकायच्या वस्तू विकत घेण्यात गुंतवलेला पैसा. जे पैसे देऊन आत आणलं, तो साठा. फाटकाबाहेर जे उभं आहे ते साठ्यात धरलेलंच नाही.

आता आपलं जिनिंग बघा. दिवाळीनंतर आवक वाढते. आवारात कपाशीच्या गंज्या लागतात, त्यांना आगीची भीती, व्याजाची भीती; मालकाला रात्री झोप नाही. प्रेसमधून १७० किलोची गाठ बांधून बाहेर पडेस्तोवर त्याचा जीव त्या ढिगात. पण काट्याच्या अलीकडे, रस्त्यावर, ट्रॅक्टर आणि मेटाडोर उभे आहेत त्यांचं काय? शेतकरी ट्रॉलीखाली झोपलाय. भाड्याच्या गाडीचं भाडं चढतंय. ती रांग कुणाच्या वहीत आहे? जिनच्या वहीत नाही. ज्याचा काटा अजून झाला नाही, चुकारा अजून निघाला नाही, तो जिनच्या दृष्टीने अजून आलेलाच नाही. जिनमालकाला आम्ही दोष देत नाही. तो वाईट माणूस नाही, त्याची वही तेवढीच रुंद आहे.

कादंबरीत बाहेर थांबलेला माणूस आहे की नाही? आहे, बकी बर्नसाइड. त्याची ऑर्डर अडकलीय. पण तो रात्री थेट वरच्या साहेबाच्या घरी फोन लावतो, आणि सकाळी साहेब कारखान्यात हजर! पुढे माल वेळेवर मिळाल्यावर हा ग्राहक हेलिकॉप्टरने आभार मानायला येतो. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरून पोट धरून आलेल्या बाईकडे कुणाचा घरचा नंबर आहे?

दवाखान्यात रुग्णाचं थांबणं फुकट असतं. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. समजा, तासाला ४० माणसं केसपेपर काढतात आणि प्रत्येकाचे ३ तास जातात. म्हणजे कुठल्याही घटकेला आवारात १२० माणसं, नातेवाईक सोडून. कारखान्यात हा आकडा १२० वरून ६० वर आला तर भांडवल सुटतं, बँक खूश होते. दवाखान्यात ६० वर आला तर कुणाचे पैसे वाचतात? रोजगार बुडवून आलेल्या माणसाचे, आणि तो ताळेबंद लिहीत नाही. म्हणून दवाखान्यात हर्बी वहीत सापडत नाही.

आणि रांग कमी करायचा एक हमखास उपाय आपल्याकडे आहेच : रेफर. ग्रामीण रुग्णालयातून वाशीमला, वाशीमहून अकोल्याला, अकोल्याहून नागपूरला. गाडी १०८ फाटकाबाहेर पडली की इथली रांग एकाने कमी झाली, आकडा सुधारला. रेफर करणं पुष्कळदा योग्यच असतं, डॉक्टर बिचारे काय करतील. पण प्रत्येक दवाखान्याने आपली वही सुधारली तर पेशंटचा एकूण वेळ कमी होईलच असं नाही; वाढूही शकतो. गोल्डरॅट यालाच तुकड्या-तुकड्याची कार्यक्षमता म्हणून हसले असते. त्यांचंच हत्यार आहे, फक्त त्यांनी ते फाटकाबाहेर नेलं नाही.

आता औषधांकडे येऊ, कारण पुरवठा म्हटलं की महाराष्ट्रात हीच दुखरी जागा आहे. २०१७ पासून सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली गेली. उशिराच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२३ साली कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं करावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. औषधं कमी होती की नव्हती यावर वाद झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हाला बोलायचंय ते औषधाच्या रजिस्टरबद्दल.

रजिस्टरमध्ये काय लिहितात? आलं किती, दिलं किती, शिल्लक किती. मागितलं आणि मिळालं नाही, ते किती? त्याचा रकाना नसतो. ती माणसं ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलवर गेली, किंवा गेलीच नाहीत. आता पुढच्या वर्षाची मागणी करताना गेल्या वर्षीचा खप बघतात. धरा की एका आरोग्य केंद्रात एक गोळी वर्षातले चारच महिने होती, आणि त्या चार महिन्यांत १००० गोळ्या गेल्या. रजिस्टर म्हणतं, वर्षाचा खप १०००. त्यात दहा टक्के वाढ धरून मागणी गेली ११०० ची. खरी गरज होती ३००० ची! तुटवड्याने मागणीच खाल्ली. कुणी लबाडी केली नाही, प्रत्येकाने बेरीज बरोबर केली. ही सगळी नोंद आता ई-औषधी या संगणक प्रणालीत होते, चांगलंच आहे. पण न दिलेल्या गोळीचा रकाना संगणकातही कुणीतरी पाडावा लागतो.

तमिळनाडूने १९९४ मध्ये यासाठी वेगळं महामंडळ काढलं. त्यांची जिल्हावार गोदामं आहेत, आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक. पासबुकात किती रुपयांचं औषध उचलता येईल ते लिहिलेलं. कोणतं, कधी, ते रुग्णालयाने ठरवायचं. खरेदी एका जागी, उचल ज्याला गरज त्याच्या हाती. आपल्याकडे ‘केंद्रीय खरेदी चांगली की स्थानिक’ असं भांडण अनेक वर्षं चाललं, आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे भांडणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही.

अशा व्याख्यानांत मुंबईच्या डबेवाल्यांचं नाव घ्यायची रीत आहे. ‘सिक्स सिग्मा’ वगैरे प्रशस्तिपत्रकाच्या कथा सोडून द्या. हार्वर्डने २०१० साली त्यांच्यावर अभ्यास लिहिला तो मात्र खरा. आमच्या मते त्यांचं खरं बळ परतीच्या डब्यात आहे. रिकामा डबा त्याच दिवशी त्याच घरी परत येतो. चूक झाली तर संध्याकाळच्या आत कळते, आणि ती कुणाची तेही कळतं. आरोग्य केंद्राचं मागणीपत्र वर गेलं की रिकाम्या हाताने किती महिन्यांनी परत येतं, ते इथल्या फार्मासिस्ट मंडळींना विचारा.

पुस्तकाची एक बाजू अजून सांगायची राहिली, आणि तिथे गोल्डरॅट आपल्या लेखापरीक्षकांपेक्षा शहाणे आहेत. अडलेल्या कडीखेरीज बाकीची यंत्रं काही वेळ रिकामी राहणारच, राहू द्या, असं ते ठणकावून सांगतात. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी २०२० मध्ये, पहिली लाट ओसरायच्या सुमारास, ऑक्सिजनचे प्रकल्प उभारायला घेतले. २०२१ च्या जानेवारीत त्यांच्याकडे कुणी वहीच्या नजरेने पाहिलं असतं तर ‘क्षमता वापराविना पडून’ असा शेरा मारला असता. एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं टँकरची वाट बघत होती, तेव्हा तो आदिवासी जिल्हा स्वतःचा ऑक्सिजन स्वतः बनवत होता.

अरविंदकडे पुन्हा एकदा जाऊ, कारण आमचा मुद्दा तिथे सर्वांत चांगला दिसतो. दोन टेबलांची युक्ती सगळे उचलतात. पण त्यांनी गावोगावी शिबिरं घेतली, जी माणसं दवाखान्यात आलीच नव्हती त्यांना शोधून, बसमध्ये घालून आणलं. न आलेली माणसं त्यांनी रांगेत धरली. दोन टेबलं ‘द गोल’ वाचून सुचू शकतात. बस सुचणार नाही, कारण तिथे साठा फाटकाच्या आत सुरू होतो.

नव्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांनी पुस्तक जरूर वाचावं, सहलीचं प्रकरण दोनदा वाचावं. आणि वाचून झाल्यावर एक काम करावं : आठ दिवस समोरच्या मेडिकलपाशी उभं राहून, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन कोण येतं, कोणत्या गोळीसाठी येतं आणि किंमत ऐकून कोण तसंच परत जातं, ते वहीत टिपावं. ती वही घेऊन आमच्याकडे या, पुढचं बोलणं तिच्यावर करू. आता प्रश्न विचारा. जिनिंगवाल्यांनी आधी विचारले तरी चालेल, त्यांचे चेहरे मघापासून आम्हाला दिसताहेत.