बाँडचा विनोद: आतला आणि बाहेरचा

आज आपण जेम्स बाँडबद्दल बोलणार आहोत, पण त्याच्या गाड्या, घड्याळं, मद्याचे पेले हे सगळं जरा बाजूला ठेवून. विषय आहे बाँडपटांतला विनोद आणि गांभीर्य. १९६२च्या 'डॉ. नो'पासून २०२१च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत इऑन प्रॉडक्शन्सचे २५ चित्रपट आले, सहा नट बाँड झाले. हसवायचं किती आणि धास्तावायचं किती, हा प्रश्न दर वेळी निर्मात्यांपुढे नव्यानं उभा राहिला.

याबद्दल एक ठरलेली मांडणी आहे. तुम्ही ती ऐकली असेल. कॉनरी समतोल, रॉजर मूर विनोदी, टिमथी डाल्टन गंभीर, ब्रॉस्नन मधलाच, डॅनियल क्रेग पुन्हा गंभीर. म्हणजे घड्याळाचा लंबक. एकदा इकडे फार गेला की पुढच्या वेळी तिकडे. ही मांडणी सोयीची आहे, पण चित्रपट समोर ठेवून बघायला लागलं की ती टिकत नाही.

आता 'मूनरेकर' घ्या, १९७९चा. सगळ्यात थिल्लर बाँडपट म्हणून त्याचं नाव घेतात. त्यात एक प्रसंग आहे. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचं गरगर फिरणारं यंत्र असतं, त्यात बाँडला बसवतात आणि शत्रूचा माणूस वेग वाढवत नेतो. बाँड कसाबसा सुटतो, बाहेर येतो, तोल जातोय, चेहरा पांढराफटक. त्याला आधार द्यायला नायिका पुढे होते, तर तो तिचा हात बाजूला सारतो. एक शब्द बोलत नाही. हा मूर आहे बरं का! उलट डाल्टनचा १९८७चा 'द लिव्हिंग डेलाइट्स' बघा. 'गंभीर' बाँडचा पहिलाच चित्रपट. त्यात नायक-नायिका चेलो या वाद्याच्या पेटीत बसून बर्फावरून घसरत सरहद्द ओलांडतात. मग लंबक कुठे गेला?

तेव्हा विनोद किती आहे हे मोजून काही हाती लागत नाही. तो कुठून येतो, ते बघायला हवं. माझ्या मते बाँडपटांत दोन जातींचे विनोद आहेत. एक आतला: संकटात सापडलेला माणूस स्वतः करतो तो. दुसरा बाहेरचा: चित्रपट त्या माणसाच्या डोक्यावरून आपल्याकडे बघून डोळा मिचकावतो तो.

आतल्याचं उदाहरण १९६३च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये आहे. आगगाडीचा डबा. बाँड गुडघ्यांवर, समोर रॉबर्ट शॉचा ग्रँट पिस्तूल रोखून. याच ग्रँटनं थोड्या वेळापूर्वी जेवताना माशाबरोबर तांबडी वाइन मागवलेली असते. आणि मरणाच्या दारात बाँडला सुचतं काय, तर माशाबरोबर तांबडी वाइन मागवली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आपण हसतो. पण त्या हसण्यानं भीती कमी होते का? नाही. उलट कळतं की या माणसाकडे आता बोलण्यापलीकडे काही उरलेलं नाही. त्यानंतरची मारामारी होते तिला पार्श्वसंगीतसुद्धा नाही. नुसते धापा टाकण्याचे आणि आदळण्याचे आवाज.

आता बाहेरचा. पुन्हा 'मूनरेकर'. व्हेनिसमध्ये बाँडची गोंडोला पाण्यातून वर येऊन चौकातून जमिनीवर चालायला लागते. लोक बघतायत, ठीक आहे. पण तेवढ्यात एक कबूतर चमकून दोनदा मान वळवून बघतं. तीच फीत पुढे-मागे फिरवून केलेली करामत. या विनोदाचा बाँडशी काही संबंध नाही. तो आपल्याला सांगतो, घाबरू नका, हे सगळं खोटं आहे. आणि एकदा असं सांगितलं की पुढच्या दहा मिनिटांत बाँडच्या जिवाची काळजी करायला प्रेक्षक तयार होत नाही.

हे दोन्ही प्रकार एकाच चित्रपटात बघायचे असतील तर १९८३चा 'ऑक्टोपसी' बघावा. हा आपल्याला जवळचा, कारण याचा बराच भाग उदयपूरचा, कबीर बेदी आणि विजय अमृतराज त्यात आहेत. जंगलात बाँडची शिकार चाललेली असते. हत्तींवरून माणसं त्याला हुसकतायत. प्रसंग खरं तर भयंकर आहे. पण तो वेलीला लोंबकळतो आणि ध्वनिपट्टीवर चक्क टारझनची आरोळी! झालं, शिकारीतला जीवच गेला.

आणि याच चित्रपटाचा शेवटाकडचा भाग बघा. पश्चिम जर्मनीतला अमेरिकी हवाई तळ, तिथे सर्कस आलेली, सर्कशीत अणुबाँब लपवलेला. १९८३ साल आहे, युरोपात अमेरिकी क्षेपणास्त्रांवरून रान पेटलेलं होतं, म्हणजे ही भीती प्रेक्षक घरूनच घेऊन आलेले. पोलीस मागे लागलेले, म्हणून बाँड विदूषकाचा वेश करतो. रंगवलेला चेहरा, लाल नाक, ढगळ कपडे. त्या वेशात तो सेनाधिकाऱ्याला सांगतो की इथे बाँब आहे, आणि सगळा तंबू हसतो. पोरं हसतायत, सैनिक हसतायत. तो जितका जीव तोडून सांगतो तितका हशा वाढतो.

यात अजून एक गंमत आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ००९ हा दुसरा हेर विदूषकाच्याच वेशात मारला गेलेला आपण पाहिलाय. म्हणजे हा वेश घातलेला माणूस मरू शकतो हे आपल्याला आधीच माहीत आहे. तंबूतल्या लोकांना माहीत नाही. ते हसतात, आपल्याला हसू येत नाही. मालिकेतल्या सगळ्यात हास्यास्पद पोशाखात मालिकेतला सगळ्यात ताणाचा एक प्रसंग उभा राहतो. विनोद वजा करून हे गांभीर्य मिळालं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आतला विनोद चांगला, बाहेरचा वाईट, संपलं व्याख्यान. इतकं सोपं नाही. बाँडची खास ओळख असलेली मारल्यानंतरची कोटी आहे ना, ती आतलीच असते. १९६४च्या 'गोल्डफिंगर'च्या आरंभी पाण्यानं भरलेल्या टबात पडलेल्या माणसावर बाँड विजेचं उपकरण भिरकावतो, माणूस जळून मरतो आणि बाँड 'धक्का' या शब्दावर कोटी करून कोट उचलतो. ही कोटी काय काम करते? ती आपल्याला भूल देते. आपण आत्ता एक माणूस मरताना पाहिला, त्याचं काही वाटून घ्यायचं नाही, अशी सूचना असते ती. आपण हसलो की त्या मरणाला आपली संमती झाली.

कोणाच्या जिवावर हसायचं, हाही प्रश्न आहेच. 'ऑक्टोपसी'त बाँड जुगारात जिंकलेले पैसे आपल्या भारतीय सहकाऱ्याला देतो आणि म्हणतो, काही आठवडे तुझ्या करीची सोय झाली. हा विनोद बाँडच्याच तोंडचा आहे, पण त्यात त्याचं स्वतःचं काहीही पणाला लागलेलं नाही. आगगाडीतला बाँड स्वतः मरणापुढे बसून बोलत होता. हा मात्र वरून खाली बघून बोलतो. म्हणून तो उदयपुरात, नागपुरात, कुठल्याही आपल्या माणसाला खुपतो.

मग या भुलीचा हिशोब मालिकेनं कधी दिला का? एकदा तरी दिला. १९६९चा 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'. जॉर्ज लेझनबीचा एकमेव बाँडपट. आरंभीच तो म्हणतो की त्या दुसऱ्या गड्याच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. दुसरा गडी म्हणजे कॉनरी. अगदी बाहेरचा विनोद! आणि शेवटी? लग्न झालेलं, गाडी फुलांनी सजवलेली, गोळ्या येतात, ट्रेसी मरते. एक पोलीस येतो. इथे आपल्याला सवयीनं कोटी अपेक्षित असते. आधीच्या पाच चित्रपटांनी ती सवय लावलीय. बाँड एवढंच सांगतो की ती जरा विश्रांती घेतेय, घाई नाही. कोटीची जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेमुळे तो शेवट इतका लागतो. आधी कोट्या केल्याच नसत्या, तर ही शांतता ऐकूच आली नसती.

क्रेगच्या चित्रपटांना लोक 'विनोद नसलेले' म्हणतात. पण २००६च्या 'कसिनो रोयाल'मध्ये छळ चालू असताना नग्न, बांधलेला बाँड मारणाऱ्यालाच सांगतो की खाज सुटलीय, जरा उजवीकडे. हा आगगाडीतल्या विनोदाचाच वारस. आणि 'नो टाइम टू डाय'मध्ये शत्रूला मारून तो जुन्या पद्धतीची कोटी करतो आणि थोड्याच वेळात स्वतः मरतो. दुसऱ्यांच्या मरणावर ६० वर्षं कोट्या करणाऱ्याचं मरण आलं तेव्हा त्यावर कोटी करायला कोणी नव्हतं.

पुढचा चित्रपट दनी व्हिलनव्ह दिग्दर्शित करणार असं जाहीर झालंय. तो मोठा गंभीर दिग्दर्शक, त्यामुळे आता विनोद गेला, असं काही लोक म्हणतायत. मला ती भीती वाटत नाही. विनोद कमी झाला तरी चालेल. तो येईल तेव्हा बोलणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असावं, एवढंच. तुम्ही तो चित्रपट बघाल तेव्हा हसल्यावर क्षणभर स्वतःला विचारून बघा, आपल्याला याची अजून काळजी वाटतेय का? वाटत असेल तर चित्रपटानं काम चोख केलं म्हणायचं.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.